मोटारीमागे नेता येणारी शिडाची बोट: तिचा आकार तसा का असतो?

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर मरिना, म्हणजे खासगी बोटी सुरक्षित बांधून ठेवण्याचे बंदर, उभारण्याचा विषय गेली अनेक वर्षे अधूनमधून बातम्यांत येतो. त्या बातम्यांसोबत छापलेल्या चित्रांत बहुधा मोठ्या, पांढऱ्याशुभ्र यॉट दिसतात, आणि शिडाची बोट ही फक्त कोट्यधीशांची चैन आहे हा समज आणखी पक्का होतो. प्रत्यक्षात जगभर शिडाच्या बोटींचा एक मोठा वर्ग असा आहे, जो मरिनात राहतच नाही. या बोटी घराच्या आवारात किंवा गावाबाहेरच्या एखाद्या शेडमध्ये ट्रेलरवर उभ्या असतात. सुटी आली की त्या मोटारीमागे जोडून किनाऱ्यावर नेल्या जातात, आणि काम झाले की पुन्हा जमिनीवर येतात.

अशा बोटीची लांबी साधारण साडेपाच ते आठ मीटर असते. तिच्यावर दोन ते चार माणसे झोपू शकतील अशी केबिन असते आणि डोलकाठी दोघांना आडवी करता येते. ती शर्यतीसाठी नसून दोनचार दिवसांच्या निवांत जलप्रवासासाठी असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती थोडी विचित्र दिसते, कारण तिची रुंदी लांबीच्या मानाने जास्त, तळ उथळ आणि केबिन बुटकी असते. हा आकार ठरवण्यात समुद्राइतकाच रस्त्याचाही वाटा आहे. रस्त्याच्या सोयीसाठी केलेल्या तडजोडींपैकी काही मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर मात्र उलट फायद्याच्याच ठरतात, असे माझे मत आहे.

रस्ता काय मागतो

रस्त्याची पहिली अट रुंदीची. युरोपात विशेष परवान्याशिवाय २.५५ मीटरपेक्षा रुंद वाहन चालवता येत नाही. अमेरिकेतील मर्यादा ८ फूट ६ इंच, म्हणजे २.५९ मीटर आहे आणि आपल्याकडील नियमही २.६ मीटरचाच आहे. त्यामुळे या वर्गातील बहुतेक बोटींची रुंदी २.४ ते २.५५ मीटरच्या दरम्यान येऊन थांबते.

दुसरी अट वजनाची. उदाहरणादाखल सहा मीटर लांबीची, ७०० किलो वजनाची एक बोट घेऊ. तिच्याखालचा गॅल्वनाइज्ड पोलादी ट्रेलर अडीचशे किलोचा धरला आणि बाहेरून लावायचे लहान इंजिन, नांगर व साखळी, पिण्याचे पाणी, स्वयंपाकाचे सामान, गाद्या यांसाठी आणखी दीडशे किलो धरले, तर मोटारीला एकूण अकराशे किलो ओढावे लागतात. बोट विकत घेणारा बहुधा फक्त पहिला आकडा पाहतो. युरोपीय नियमांत ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. त्यामागचे कारण घाट उतरताना कोणाच्याही लक्षात येईल. बोरघाटात पाठीमागून एक टन वजन ढकलत असताना केवळ मोटारीच्या ब्रेकवर विसंबणे हे धाडस नसून मूर्खपणा आहे. आपली मोटार किती वजन ओढू शकते हे तिच्या पुस्तिकेत पाहावे आणि ट्रेलरच्या नोंदणीबद्दल आरटीओत आधी विचारावे.

लांबीबद्दल मात्र रस्ता बराच उदार असतो, आणि पाण्यालाही लांबीच हवी असते. पाणी कापत जाणारी बोट स्वतःच एक लाट उठवते आणि वेग वाढेल तशी ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी बोटीइतकी झाली की बोट आपल्याच लाटेच्या उतारावर अडकते, आणि पुढे जोर लावूनही वेग फारसा वाढत नाही. या मर्यादेचे सूत्र सोपे आहे. बोटीचा पाण्याला टेकलेला भाग जितके मीटर लांब असेल त्याचे वर्गमूळ घेऊन २.४३ ने गुणले की कमाल वेग नॉटमध्ये मिळतो. सहा मीटरला तो सुमारे सहा नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर येतो. प्रत्यक्ष प्रवासात सरासरी चार नॉट मिळाली तरी समाधान मानावे.

वारा बोटीला पुढे कसा नेतो

वारा पाठीमागून असेल तर तो बोटीला ढकलतो, यात समजावण्यासारखे काही नाही. कोडे पडते ते बोट वाऱ्याच्या दिशेकडे तिरकी जाते तेव्हा. अशा वेळी शीड विमानाच्या पंखासारखे काम करते. फुगलेल्या शिडावरून वाहणारा वारा वळतो आणि त्यातून शिडावर जोर निर्माण होतो, पण त्या जोराचा मोठा हिस्सा बोटीला आडवा ढकलणारा आणि थोडाच हिस्सा पुढे नेणारा असतो. आडव्या हिश्शाला अटकाव केला नाही, तर बोट खेकड्यासारखी बाजूला सरकत राहील.

हा अटकाव बोटीच्या तळाखालचे उभे पाते करते. ते पक्के बसवलेले असेल तर त्याला कील म्हणतात, आणि वर ओढून घेता येत असेल तर सेंटरबोर्ड. पाते जितके खोल आणि अरुंद, तितकी बोट वाऱ्याविरुद्ध चांगली चढते. चांगली बोट वाऱ्याच्या दिशेशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे अशी नागमोडी जात, वारा येतो त्या ठिकाणीही पोहोचू शकते.

रस्ता आणि समुद्र यांचे पहिले खरे भांडण येथेच होते. समुद्राला दीड मीटर खोल पाते हवे असते. पण पक्के पाते असलेली बोट ट्रेलरवर दीड मीटर उंच बसेल आणि उतरवताना तिला दोन मीटर पाणी लागेल. म्हणून ट्रेलरवरच्या बोटीचे पाते वर जाणारेच असावे लागते.

बोट उलटत का नाही

हा सगळ्या आराखड्याचा गाभा आहे. बोट उभी राहण्याचे दोन मार्ग आहेत. गर्दी नसलेल्या लोकलमध्ये कोणी पाय फाकवून उभे राहतो आणि कोणी सरळ खाली बसकण मारतो. धक्का दोघेही सोसतात, पण पाय फाकवलेला माणूस एका मर्यादेनंतर एकदम कोसळतो, तर खाली बसलेल्याला पाडणे अवघड असते. रुंद बोट पहिल्या प्रकारची असते. ती सुरुवातीला कलायलाच तयार नसते, पण साठ-सत्तर अंशांपलीकडे कलली की तिची रुंदी उपयोगी पडत नाही, आणि पूर्ण पालथी झाल्यावर तीच रुंदी तिला पालथीच ठेवते. दुसऱ्या प्रकारच्या बोटीत तळाशी जड वजन असते. त्याला बॅलास्ट म्हणतात आणि जुन्या खलाशांचा शब्द नीरम आहे. असे वजन थोड्या कलाला फारसे जाणवत नाही, पण बोट जितकी जास्त कलते तितके ते तिला जास्त जोराने परत उभे करते.

मग दोन्ही मार्ग भरपूर प्रमाणात वापरावेत, असे कोणी म्हणेल. पण रुंदीवर नियमाची मर्यादा आहे आणि वजनावर मोटारीची. त्यात लहान बोटीला निसर्गही प्रतिकूल असतो. बारा मीटरच्या बोटीचे सर्व मापांत निम्मे रूप करून सहा मीटरची बोट बांधली, असे समजा. शिडाचे क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते आणि त्याची उंची निम्मी होते, म्हणजे वाऱ्याचा पाडणारा जोर एक अष्टमांश उरतो. पण बोटीचे वजन एक अष्टमांश होते आणि ते ज्या अंतरावरून काम करते ते अंतरही निम्मे होते, म्हणजे सावरण्याची ताकद एक षोडशांशच उरते. वारा मात्र दोघींना सारखाच लागतो. म्हणून लहान बोट ही मोठ्या बोटीची छोटी प्रत असून चालत नाही. बारा मीटरच्या बोटीची रुंदी चार मीटर असेल, म्हणजे लांबीच्या एक तृतीयांश, तर सहा मीटरच्या बोटीला दोनऐवजी अडीच मीटर रुंदी द्यावी लागते आणि शीडही जपून द्यावे लागते. ती विचित्र दिसते त्याचे कारण हेच.

लहान बोटीत माणसेही बॅलास्टच असतात. सत्तर किलोची तीन माणसे म्हणजे आपल्या ७०० किलोच्या बोटीच्या वजनाचा तीस टक्के भाग होतो, आणि ती कोणत्या बाजूला बसतात याने फरक पडतो.

उरलेल्या बॅलास्टसाठी शिसे हा उत्तम पदार्थ आहे, कारण त्याची घनता पाण्याच्या अकरापट असते. तीनशे किलो शिसे दीड-दोन बादल्यांच्या जागेत मावते आणि पात्याच्या टोकाशी बसवले तर फार प्रभावी ठरते. पण ते तीनशे किलो रस्त्यावरही सोबत न्यावे लागतात. यावर निघालेली एक युक्ती अशी की तळाच्या टाकीत समुद्राचेच पाणी भरून घ्यायचे आणि बोट बाहेर काढताना ते सोडून द्यायचे. अमेरिकेतील मॅकग्रेगर २६ या बोटीने ही युक्ती लोकप्रिय केली.

पाण्यातल्या पाण्याला वजन नसते, मग त्याचा उपयोग काय, ही शंका अगदी योग्य आहे. टाकी पाण्याच्या पातळीखाली असेपर्यंत तिचा फायदा जवळजवळ शून्य असतो. बोट कलून टाकीचा काही भाग बाहेरच्या पाण्याच्या वर आला, की तेथील पाण्याचे वजन खाली ओढू लागते. म्हणून अशी बोट सुरुवातीला पटकन कलते आणि मग थबकते. ही टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी असावी लागते. अर्धवट भरली तर पाणी कललेल्या बाजूला धावते आणि बोटीला सावरण्याऐवजी पाडायला मदत करते. मोटार लहान असेल तर पाण्याची टाकी घ्यावी. मोटार पेलत असेल तर माझी पसंती शिशालाच आहे, कारण ते कोणी भरायला विसरू शकत नाही.

तिसरा मार्ग शेजारीशेजारी जोडलेल्या दोन किंवा तीन तळांच्या बोटीचा. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले आराखडाकार इयन फॅरियर यांनी बाजूचे तळ दुमडून आत घेता येतील अशी यंत्रणा विकसित केली. त्यांच्या एफ-२७ या तीन तळांच्या बोटीची रुंदी पाण्यावर सुमारे ५.८ मीटर होते आणि दुमडल्यावर ट्रेलरवर मावते. अशा बोटी वेगवान असतात, पण महाग असतात आणि केबिन अगदी चिंचोळी असते.

उथळ तळाचा मुंबईला काय फायदा

सेंटरबोर्ड वर घेतल्यावर आपली सहा मीटरची बोट तीस सेंटिमीटर पाण्यातही तरंगते आणि खाली सोडल्यावर तिला १.४ मीटर लागते. खोल बंदरांच्या देशांत ही केवळ ट्रेलरची गरज मानली जाते. आपल्या किनाऱ्यावर ती स्वतंत्रपणे मोलाची आहे.

मुंबईत उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी साडेतीन ते चार मीटर चढते-उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि फरक दीड मीटरच्या आसपास राहतो. भरती सुरू झाल्यापासून सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक हिस्सा, असे ते साधारण चढते आणि ओहोटीला तसेच उतरते. म्हणजे उधाणाच्या दिवशी मधल्या दोन तासांत दर तासाला जवळजवळ एक मीटर पाणी निघून जाते. धरमतरच्या खाडीत किंवा रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखाशी पक्क्या कीलची बोट अशा वेळी गाळात रुतली, की ती कुशीवर आडवी होऊन पुढच्या भरतीची वाट पाहत पडते. उथळ, सपाट तळाची बोट पाते वर घेऊन गाळावर सरळ बसते आणि आतल्या माणसांना चहा करायला हरकत नसते.

या किनाऱ्यावर उथळ तळाचे महत्त्व नवे नाही. १६७९ साली थळसमोरच्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मायनाक भंडारी यांच्या लहान बोटी मुंबईकर इंग्रजांच्या जहाजांना चुकवून बेटावर रसद पोहोचवत होत्या. मोठ्या जहाजांना जेथे शिरता येत नसे, तेथे या बोटी सहज ये-जा करत.

वर जाणाऱ्या पात्याची किंमतही आहे. त्याची पेटी केबिनच्या ऐन मध्यभागी येते, तिच्या फटीत चिखल आणि कालवे अडकतात आणि वर ओढण्याचा दोर झिजतो. हंगामातून एकदा तरी बोट खालून तपासावीच लागते.

“आत उभे राहता येत नाही, मग केबिन कसली?”

सहा मीटरच्या बोटीत पुरुषभर उंचीची केबिन करायची तर तिचे छप्पर इतके वर येईल की वारा शिडाऐवजी केबिनलाच ढकलेल आणि वजनही वर जाईल. म्हणून आतली उंची पाठ टेकून ताठ बसता येईल इतकीच, सव्वा मीटरच्या आसपास ठेवतात. झोपण्यासाठी दोन मीटर लांब आणि साठ सेंटिमीटर रुंद जागा एका माणसाला पुरते. थंड देशांतील आराखडे जसेच्या तसे आणू नयेत. त्यांत खिडक्या लहान असतात, आणि एप्रिलमध्ये आपल्याकडे अशा केबिनमध्ये रात्र काढणे अशक्य होते. पुढच्या बाजूला मोठे झाकण आणि आडव्या काठीवर ताणलेले कापडी छत या दोन गोष्टी येथे गादीपेक्षाही आवश्यक आहेत.

“इतकी लहान बोट समुद्रात सुरक्षित कशी?”

शेन ॲक्टन या इंग्रज तरुणाने १९७२ साली जेमतेम साडेपाच मीटरच्या प्लायवूडच्या बोटीतून प्रवास सुरू केला आणि १९८० साली पृथ्वीप्रदक्षिणा करून तो परतला. हे उदाहरण अनुकरणासाठी देत नाही. लांबी ही सुरक्षिततेची एकमेव कसोटी नाही, एवढेच त्यातून दिसते. युरोपीय नियमांत बोटींचे चार वर्ग केले आहेत. त्यांतील ‘सी’ वर्ग किनाऱ्यालगतच्या प्रवासाचा असून त्यात वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफोर्ट मोजमापावरील सहाव्या पायरीपर्यंतचा वारा आणि दोन मीटरपर्यंतच्या लाटा धरल्या आहेत. ट्रेलरवरच्या बहुतेक केबिनच्या बोटी याच वर्गात येतात. बोटीच्या पोकळ्यांत फोम भरलेला असणे, आणि वारा वाढण्याआधी शीड आखडून घेण्याची सोय कॉकपिटमधूनच, म्हणजे सुकाणूजवळच्या बसण्याच्या जागेतूनच असणे, या दोन गोष्टी खरेदीपूर्वी पाहाव्यात. एक घनमीटर फोम सुमारे एक टन वजन तरंगत ठेवतो, म्हणजे आपली बोट पाण्याने भरली तरी बुडणार नाही. लाइफ जॅकेट मात्र अंगावर असले तरच उपयोगी.

पावसाळ्यात हा प्रश्नच उरत नाही. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचही पावसाळ्यात बंद राहतात. त्या चार महिन्यांत नांगरावर बोट ठेवणे म्हणजे तिला नशिबावर सोडणे होय, आणि क्रेनने ती उचलून किनाऱ्यावर ठेवायची तर त्याचा खर्च येतो. मुंबईकराला ट्रेलरचा सर्वात मोठा उपयोग सुटीच्या सहलीपेक्षा या चार महिन्यांसाठीच आहे.

“बोट आहे तर बोटीनेच का जाऊ नये?”

गेटवेपासून मांडवा सरळ रेषेत सुमारे १३ किलोमीटर आहे. चार नॉटने दोन तासांच्या आत पोहोचता येते, आणि तेथे ट्रेलर नेण्याचा प्रश्नच नाही. मुरूड-जंजिरा सुमारे ७० किलोमीटर आहे, म्हणजे साडेनऊ तासांचा पूर्ण दिवस.

अडचण परतताना येते. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मंद मतलई वारे सुटतात, दुपारच्या आधी वारा पडतो, आणि मग वायव्येकडून खारे वारे सुरू होऊन सूर्यास्तापर्यंत वाढत जातात. दक्षिणेकडे जाताना हे वारे पाठीशी असतात, पण येताना तोंडावर. ४५ अंशांच्या नागमोडी वाटेने अंतर जवळजवळ दीडपट होते आणि आखूड लाटांत वेगही घटतो. सराईत माणूस परतीचे अंतर पहाटेच्या मतलई वाऱ्यावर कापतो आणि दुपारी एखाद्या खाडीत शिरतो. पण मालवणहून अशा रीतीने परतायला कित्येक दिवस लागतील. नोकरदाराने जाताना समुद्र आणि येताना रस्ता वापरावा, हे शहाणपणाचे. मुंबई-गोवा महामार्गाची अवस्था पाहता ट्रेलरचे स्प्रिंग आणि टायर मात्र बोटीच्या शिडाइतकेच निगुतीने निवडावेत.

बोट पाण्यात उतरवताना

धक्क्यावर पोहोचताच ट्रेलर पाण्यात घालू नये. प्रवासाने तापलेला चाकाचा हब खाऱ्या पाण्यात बुडाला की एकदम निवतो आणि पाणी आत खेचून घेतो, आणि बेअरिंग गंजतात. डोलकाठी उभी करायला जो पाऊण तास लागतो, तेवढ्यात हब थंड होतो. डोलकाठी उभी करण्यापूर्वी डोक्यावर विजेच्या तारा नाहीत ना, हे पाहणे अत्यावश्यक आहे, कारण ती ॲल्युमिनियमची असते. परतल्यावर ट्रेलर गोड्या पाण्याने धुवावा. बोट कोठे उतरवता येईल आणि परवानगी कोणाची लागेल, हे जागेनुसार मुंबई पोर्ट ऑथॉरिटी किंवा महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे विचारून घ्यावे.

वेळ ठरवण्यासाठी कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब आजही पुरतो. तिथीला पाऊणने गुणले की मुंबईतील भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा आणि पौर्णिमेला सव्वाअकरा वाजता पाणी पूर्ण चढलेले असते. पौर्णिमेच्या सुमारास सकाळी दहाला बोट उतरवणे सोपे, पण संध्याकाळी सहाला ती बाहेर काढणे कठीण, कारण तेव्हा उतरणीच्या, म्हणजे ट्रेलर पाण्यात नेण्यासाठी बांधलेल्या उताराच्या, टोकापुढे गाळ उघडा पडलेला असतो. अष्टमीला सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा या दोन्ही वेळा चांगल्या असतात.

हा त्रास टाळायचा तर बोटींपेक्षा आधी उतरण सुधारावी लागेल, आणि मरिनाच्या चर्चेत तिचा उल्लेख फार कमी येतो. उतरण एकास आठ या प्रमाणात असेल तर चार मीटर भरती-ओहोटीसाठी काँक्रीट ३२ मीटर पुढे न्यावे लागते, आणि ट्रेलर पुरेसा बुडावा म्हणून आणखी काही मीटर. त्याच्या निम्म्या लांबीची उतरण बांधली तरी भरतीच्या आधी आणि नंतर तीन-तीन तास ती वापरता येईल. शेजारी गोड्या पाण्याचा नळ आणि ट्रेलर उभे करण्यापुरती जागा असली, की या वर्गातील बोटींना दुसरे काही लागत नाही.